नडीचा पैसा

१९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २९ तारखेस बर्लिन शहरांतील फॉक्स हाउस नांवाच्या इमारतींतून जर्मनींतील नित्याच्या नभोवाणी-कार्यक्रमांस आरंभ झाला. त्यानंतर दोनच दिवसांनीं त्या शहरांतील एका तंबाखूच्या दुकानदारानें घरीं रेडिओ बाळगण्याचा पहिला परवाना काढला. त्या परवान्याची फी होती ३५० अब्ज मार्क.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं लहानपणीं अंकस्थानें पाठ केलीं असतील, त्यांस एकंपासून परार्धापर्यंतचीं अठरा स्थानें अजून आठवत असतील. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म हीं नांवें परीक्षेपुरतीं घोकावयाचीं आणि पुढें जन्मांत कधीं वापरावयाचीं नाहींत, असाच सर्वांचा अनुभव असतो. परंतु त्या वर्षीच्या शरद् ऋतूंत जर्मन गृहिणींस पाव आणि बटाटे घेतांना याच स्थानांची उजळणी रोज करावी लागली. १९२२ च्या अखेरीस बर्लिनमध्यें जो पाव सुमारें १६० मार्कांस मिळत असे, त्यास पुढच्या वर्षाच्या अखेरीस २०० अब्ज मार्क, म्हणजे दोन निखर्व, पडूं लागले.

या महागाईची कथा पुष्कळांनीं ऐकली आहे. परंतु तिच्या पोटांत दुसरी एक कथा आहे, व ती तितकी परिचित नाहीं. ज्या दिवसांत सरकारी नोटांचा पूर आला होता, त्याच दिवसांत जर्मनींतील नगरें, जिल्हे, कारखाने, पेढ्या, इतकेंच काय पण रेल्वे-खातें देखील स्वतःच्या नोटा छापीत होतें. अशा नोटा काढणाऱ्या संस्थांची संख्या पांच हजारांच्या वर गेली होती. त्या पैशाला जर्मन भाषेंत ‘नोटगेल्ड’ म्हणत. यांतील ‘नोट’ म्हणजे कागदाची नोट नव्हे. त्या भाषेंत ‘नोट’ म्हणजे नड, आणि ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. तेव्हां ‘नडीचा पैसा’ हेंच त्याचें सरळ मराठी नांव होईल.

सरकारच्या नोटेवरील विश्वास उडाला असतां नगरपालिकेच्या नोटेवर लोकांनीं विश्वास कां ठेवावा? आणि त्या नोटेनें लोकांचें रक्षण केलें कीं नुकसान? या दोन प्रश्नांचा विचार केला असतां पैसा म्हणजे काय वस्तु आहे, हें पुष्कळसें उलगडतें.

या पैशाचा जन्म महागाईच्या आधींचा आहे. १९१४ च्या जुलैअखेर महायुद्ध दाराशीं येऊन ठेपतांच लोकांनीं सोन्याचांदीचीं नाणीं घरांत दडवून ठेवण्यास आरंभ केला. राईशबँकेनें, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनें, नोटांबद्दल सोनें देणें बंद केलें. बाजारांत मोड मिळेनाशी झाली. दुकानदाराजवळ माल आहे, गिऱ्हाइकाजवळ मोठी नोट आहे, परंतु उरलेले पैसे परत देण्यास नाणें नाहीं, म्हणून सौदा अडून राहूं लागला. तेव्हां कित्येक नगरपालिकांनीं आणि कारखान्यांनीं लहान रकमांच्या चिठ्या छापून त्यांवर आपला शिक्का मारला. पुढें युद्धासाठीं तांबें व निकेल हवें झालें, तशीं सरकारी नाणीं वितळूं लागलीं, आणि त्यांची जागा जस्ताच्या व लोखंडाच्या चकत्यांनीं घेतली.

या चिठ्या चालल्या, याचें कारण साधें होतें. सही करणारा नगराध्यक्ष लोकांच्या ओळखीचा होता. नगरपालिकेची कचेरी चौकांत समोर दिसत होती. तीच चिठी देऊन पाणीपट्टी भरतां येत असे. राजधानींतील बँकेपेक्षां हें वचन डोळ्यांसमोरचें होतें. आपल्याकडील पेठांतून सावकाराच्या हुंडीस जी पत असे, तिचेंही मर्म हेंच. कागदाला स्वतःचें मोल नसतें. तो लिहून देणारा कोण, आणि तो कोठें सांपडेल, हें ठाऊक असल्यामुळें कागद चालतो.

युद्ध संपल्यावर या नडीच्या पैशाला कांहीं काळ उत्सवाचें रूप आलें. १९२० ते १९२२ या काळांत नगरांनीं रंगीत, सचित्र चिठ्या काढल्या. हामेल्न नगरानें आपल्या नोटांवर उंदीर पळवून नेणारा सुप्रसिद्ध बांसरीवाला काढला. सॅक्सनी प्रांतासाठीं माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्यांत चिनी मातीचीं नाणीं भाजण्यांत आलीं. ओस्टरवीक गांवानें चामड्याच्या नोटा काढल्या. बीलेफेल्ड हें तागाच्या विणकामाचें जुनें नगर. तेथील नगर-बचतपेढीचे चालक पाउल हान्के यांनीं रेशीम, ताग व मखमल यांवर नोटा छापविल्या. या वस्तु संग्राहक आवडीनें विकत घेत. संग्राहकानें वहींत चिकटविलेली नोट बदलून घेण्यास कोणी येत नसे, आणि तेवढा नगराचा निव्वळ नफा होई. असें फार होऊं लागलें, तेव्हां १७ जुलै १९२२ च्या कायद्यानें सरकारनें असा पैसा काढण्यास बंदी घातली.

परंतु बंदीची शाई वाळते न वाळते तोंच सप्टेंबरांत सरकारला पुन्हा परवानगी द्यावी लागली. कारण आतां खरी नड आली होती.

जर्मन सरकारनें महायुद्धाचा खर्च करांतून न भागवितां मुख्यतः कर्ज काढून भागविला होता. नऊ वेळां युद्धकर्ज उभारून प्रजेकडून सुमारें ९८ अब्ज मार्क घेण्यांत आले. जिंकल्यावर शत्रूकडून तें वसूल करूं, अशी आशा होती. पराभव झाला, आणि उलट विजयी राष्ट्रांनीं मे १९२१ मध्यें १३२ अब्ज सुवर्ण-मार्कांचा दंड मुक्रर केला. सरकारची तूट वाढत गेली. ती भरून काढण्यासाठीं सरकार हुंड्या लिही, आणि राईशबँक त्या घेऊन नव्या नोटा देई. जानेवारी १९२३ मध्यें दंडाचे हप्ते चुकले म्हणून फ्रेंच व बेल्जियन सैन्यानें रूर हा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख व्यापला. तेथील कामगारांनीं निःशस्त्र प्रतिकार म्हणून काम बंद ठेविलें, व त्यांचें वेतन सरकार नोटा छापून देऊं लागलें. एकीकडे कोळशाचें उत्पन्न बुडालें, दुसरीकडे कागद वाढला.

पुढें काय झालें, हें डॉलरच्या भावावरून दिसेल. १९१४ च्या जुलैंत एक अमेरिकन डॉलर ४.२ मार्कांस मिळे. १९२२ च्या जानेवारींत त्यास सुमारें १९२ मार्क पडत. १९२३ च्या जानेवारींत सरासरी १८ हजार, जुलैंत साडेतीन लाख, ऑगस्टांत ४६ लाख, सप्टेंबरांत जवळजवळ १० कोटी, ऑक्टोबरांत अडीच हजार कोटी, आणि २० नोव्हेंबर रोजीं ४ लाख २० हजार कोटी, म्हणजे चार महापद्मांच्याही वर.

आतां येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. इतका पैसा छापला जात असतां नगरांस स्वतःचा पैसा छापण्याची नड कां पडावी? याचें उत्तर असें कीं, त्या दिवसांत जर्मनींत पैसा फार झाला होता, आणि त्याच वेळीं तो अत्यंत अपुराही पडत होता. राईशबँकेसाठीं १३३ खासगी छापखान्यांतून १,७८३ यंत्रें चालत होतीं, आणि तीसहून अधिक कारखाने नुसता कागद पुरवीत होते. तरी किंमती यंत्रांपेक्षां वेगानें धांवत. हातांत आलेला मार्क रात्रभरही जवळ ठेवावा असें कोणास वाटेना. जो तो तो खर्चून टाकी, आणि त्या घाईनेंच भाव आणखी चढे. १५ नोव्हेंबर १९२३ रोजीं राईशबँकेच्या चालू नोटांची बेरीज सुमारें ९२८ परार्ध मार्क होती. आपल्या अंकस्थानांची शिडी जेथें संपते, त्याच्याही ती पलीकडे गेली होती. परंतु त्या दिवसांच्या दरानें या साऱ्या ढिगाची खरी किंमत करूं गेल्यास ती अवघी ९ कोटी २८ लाख सुवर्ण-मार्क भरते. युद्धापूर्वी त्याच देशाच्या व्यवहारास सुमारें ६०० कोटी मार्कांचें चलन लागत असे. म्हणजे कागदाचे डोंगर असूनही पगाराच्या दिवशीं कारखान्याच्या खजिनदाराला पुरेशा नोटा मिळत नसत.

अशा वेळीं त्या खजिनदारानें करावें काय? बर्लिनहून नोटांची पेटी आली नाहीं. व्यापलेल्या मुलुखांत तर ती वाटेंतच अडविली जाई. ऑगस्टांत छापखान्यांतील कामगारांचाही संप झाला. शेंकडों मजूर फाटकाशीं उभे आहेत, आणि संध्याकाळपर्यंत वेतन न मिळालें तर उद्यां तेंच वेतन अर्ध्या मोलाचें होणार आहे. शेवटीं नगरपालिका सभा भरवी, एरवीं वर्तमानपत्र छापणाऱ्या गांवच्या छापखान्यांत एका बाजूनेंच नोटा छापल्या जात, त्यांवर नगराध्यक्षांची सही आणि मुदतीची तारीख पडे, व त्या सायंकाळीं मजुरांच्या बायका त्या घेऊन वाण्याकडे धांवत. आकडा अपुरा पडला तर जुन्याच नोटेवर नवा आकडा तांबड्या शाईनें उमटवीत. खुद्द राईशबँकेनेंही आपल्या हजार मार्कांच्या नोटेवर ‘एक अब्ज मार्क’ असा छाप मारून ती चालविली. थुरिंगिया प्रांताच्या बँकेनें वायमार येथील बाउहाउस कलाशाळेंतील हेर्बेर्ट बायर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून लक्षावधि मार्कांच्या नोटांचे नमुने काढवून घेतले. आंकडे स्पष्ट, नक्षी मुळींच नाहीं. नक्षी करण्यास वेळ कोणास होता?

येथवर पाहतां असें वाटेल कीं, या नगरांनीं राष्ट्राची लाज राखली. एका अर्थीं तें खरेंच आहे. त्या चिठ्या नसत्या तर कित्येक गांवीं चूल पेटली नसती. परंतु याच चित्राची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून ही कथा प्रामाणिक होणार नाहीं.

नगराच्या नोटेवर नांव नगराचें होतें, परंतु तिच्यावर लिहिलेला शब्द होता ‘मार्क’. नगराध्यक्ष कितीही सचोटीचा असला तरी त्याची सचोटी मार्काला धरून ठेवूं शकत नव्हती. एक कोटी मार्क देण्याचें वचन त्यानें तंतोतंत पाळलें, तरी पाळण्याच्या दिवशीं त्या कोटीचा पावाचा तुकडाही येत नसे. वचन देणारा खरा होता, पण वचन ज्या मापांत दिलें तें मापच रोज आंखूड होत होतें. कापड मोजून देणारा प्रामाणिक असून त्याचा गज वितळत असावा, तशी ही स्थिति होती.

दुसरी गोष्ट, नोट काढणाऱ्याला त्यांत लाभ होता. आज मजुरी म्हणून चिठी द्यावयाची आणि तीन आठवड्यांनीं ती परत घ्यावयाची, म्हणजे मधल्या काळांत तिचें मोल वाफ होऊन गेलेलें. ती वाफ मजुराच्या खिशांतून निघे, आणि कारखानदाराच्या वहींत नफा होऊन बसे. कायद्याप्रमाणें अशा नोटांच्या पाठीमागें तारण ठेवणें व सरकारची अनुज्ञा घेणें जरूर होतें. परंतु अनुज्ञेवांचूनही पुष्कळ नोटा निघाल्या. राईशबँकेच्या शाखा त्या स्वीकारीत, म्हणून त्यांचें ओझें पुन्हा मध्यवर्ती बँकेवरच येऊन पडे. अशा रीतीनें प्रत्येक गांवानें आपली नड भागविली, आणि सर्व गांवांनीं मिळून आगींत आणखी कागद घातला. एकेका गांवाचा दोष दाखवूं गेल्यास तो सांपडत नाहीं, आणि सगळ्यांची बेरीज मात्र दोषाची होते.

या आगींत कोण जळालें? ज्यानें कर्ज काढून घर किंवा कारखाना घेतला होता, त्याचें कर्ज एका जेवणाच्या खर्चांत फिटलें. ज्यानें जन्मभर काटकसर करून पैसे शिल्लक टाकले, तो बुडाला. निवृत्त शिक्षक, विम्याच्या रकमेवर राहणारी विधवा, देशभक्तीनें युद्धकर्जाचे रोखे घेणारा लहान दुकानदार यांचे कागद जपून ठेवलेले तसेच राहिले आणि त्यांतील अर्थ निघून गेला. सरकारनें प्रजेकडून घेतलेल्या त्या ९८ अब्ज मार्कांच्या युद्धकर्जाचें मोल नोव्हेंबर १९२३ च्या दरानें दहा फेनिगही भरत नव्हतें. दहा फेनिग म्हणजे मार्काचा दहावा हिस्सा. डिसेंबरच्या आरंभीं देशांतल्या देशांत एक पत्र पाठविण्यास १०० अब्ज मार्क पडत. म्हणजे एका राष्ट्रानें चार वर्षें विश्वासानें दिलेलें सारें धन एका टपाल-तिकिटाच्या तोलाचें झालें.

शरद् ऋतूंत कांहीं ठिकाणीं नडीच्या पैशालाच उपाय सुचला. गज वितळतो तर गजच बदलावा, असा तो उपाय होता. ओल्डेनबुर्ग प्रांतानें १९२२ मध्येंच राय या धान्याच्या वजनांत रोखे काढले होते. १९२३ च्या ऑक्टोबरांत हांबुर्गच्या व्यापाऱ्यांनीं एक स्वतंत्र बँक स्थापून सुवर्ण-मार्कांच्या हिशेबाचे कागद चालविले. सरकारच्या सुवर्ण-कर्जाच्या तारणावर डॉलरच्या हिशेबानें काढलेल्या लहान नोटाही फिरूं लागल्या. लोकांनीं त्या हातोहात घेतल्या. यावरून एवढें सिद्ध झालें कीं, जर्मन मनुष्याचा कागदावरचा विश्वास मेला नव्हता. ज्या मापाला कोणी धरून ठेवील, त्या मापाचा कागद घेण्यास तो तयार होता.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजीं ‘रेंटेनमार्क’ हें नवें चलन निघालें. एक नवा मार्क बरोबर एक महापद्म जुने मार्क, असा दर ठरला. देशांतील शेतजमीन आणि उद्योग यांवरील बोजा त्याचें तारण म्हणून सांगण्यांत आला. परंतु कोणीही मनुष्य नोट घेऊन बँकेंत गेला असतां त्यास हातभर जमीन मिळणार नव्हती. खरें तारण दुसरेंच होतें, आणि तें म्हणजे संख्येची मर्यादा. सरकारला १२० कोटींपेक्षां अधिक कर्ज द्यावयाचें नाहीं, असा निर्बंध होता. त्याच दिवसापासून सरकारी हुंड्यांवर नोटा देणें राईशबँकेनें बंद केलें. डिसेंबरांत सरकारनें आणखी रक्कम मागितली, तेव्हां रेंटेनबँकेनें नाहीं म्हणून सांगितलें.

नडीच्या पैशाचा शेवटही अशाच एका नकारानें झाला. चलनाचे आयुक्त म्हणून ह्यालमार शाख्त यांची नेमणूक झाली होती. अर्थखात्याच्या इमारतींत झाडूवाल्याचें सामान ठेवण्याची एक अंधारी खोली त्यांना कचेरी म्हणून मिळाली होती. राईशबँक यापुढें नगरांच्या व कारखान्यांच्या नोटा स्वीकारणार नाहीं, असें नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत जाहीर झालें. महिनाअखेर कोलोन येथें ऱ्हाईन-मुलुखांतील नगरांचे व उद्योगांचे प्रतिनिधि त्यांच्यासमोर संतापून बोलले. नोटा बंद केल्या तर मजुरांना द्यावें काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शाख्त यांनीं तो ऐकला आणि निर्णय बदलला नाहीं. कोलोनच्या चोरट्या बाजारांत डॉलर ११ महापद्मांच्या वर चढला होता. डिसेंबरांत तो ४.२ महापद्मांवर परत आला, आणि ज्यांनीं मार्क आणखी बुडेल म्हणून पैज मारली होती तेच बुडाले. या स्थैर्याची किंमतही मोठी पडली. खर्च कमी करण्यासाठीं तीन लाखांहून अधिक सरकारी नोकरांस घरीं बसावें लागलें.

याच १९२३ सालीं लंडन येथें डॉ. भीमराव आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा विषय तत्कालीन हिंदुस्थानचें चलन हा होता, जर्मनीचा नव्हे. परंतु चलन काढणाऱ्याच्या इच्छेवर न सोडतां त्याच्या संख्येस निश्चित मर्यादा घातली पाहिजे, हा जो त्या ग्रंथांतील आग्रह, त्याचा अर्थ त्याच हिवाळ्यांत बर्लिन व कोलोन येथील बाजारांत प्रत्यक्ष दिसत होता.

श्रोतेहो, वर विचारलेल्या दोन प्रश्नांचें उत्तर आतां देतां येईल. लोकांनीं नगराच्या नोटेवर विश्वास ठेवला, कारण ती देणारा जवळचा होता. त्या विश्वासानें चार दिवस निभावले, आणि ते चार दिवस उपाशी माणसास फार मोलाचे होते. परंतु जवळीक ही मर्यादेची जागा घेऊं शकली नाहीं. पैशाला पत येते ती तो देणाऱ्याच्या औदार्यानें येत नाहीं. आणखी देण्याचें सामर्थ्य असूनही तो जेथें हात आवरतो, तेथें ती येते.

बुडालेल्यांचें पुढें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. २८ नोव्हेंबर १९२३ रोजीं जर्मनीच्या श्रेष्ठ न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, जुन्या सोन्याच्या मार्कांत घेतलेलें गहाणाचें कर्ज कवडीमोल कागदी मार्कांनीं फेडणें सचोटीस धरून नाहीं. पुढें जुलै १९२५ च्या कायद्यानें अशा गहाणांच्या धन्यांस मूळ रकमेचा चौथा हिस्सा देवविला. युद्धकर्जाचे रोखे घेणाऱ्यांच्या वांट्यास त्याहूनही फार थोडें आलें. गेलेलें बहुतेक गेलेंच, आणि त्याबरोबर मध्यम स्थितींतील कुटुंबांची आपल्या राज्यावरची जी श्रद्धा गेली, ती कोणत्याही कायद्यानें परत देतां आली नाहीं.

नडीचा पैसा १९२४ सालीं हळूहळू व्यवहारांतून निघून गेला. बीलेफेल्डचें रेशीम, माइसेनचीं चिनी मातीचीं नाणीं, वायमारच्या साध्या नोटा संग्राहकांच्या पेट्यांत जाऊन बसल्या, आणि आज त्यांस चांगली किंमत येते. त्या नोटांवर कोपऱ्यांत नगराध्यक्षाची सही अजून वाचतां येते. ती खोटी नव्हती. ज्या मार्काच्या नांवानें ती केली होती, तो मार्क मात्र त्याच्या हातीं नव्हता.